दार आपटण्याची शिकवणी

मुरबाडच्या ज्या कारखान्यात मी पहिली नोकरी केली, तिथे स्टीलच्या डब्यांची झाकणं बनत. नुसती झाकणं. डबे दुसरीकडे कुठेतरी बनतात आणि आमची झाकणं तिकडे जाऊन त्यांना बसतात, असं आम्हाला सांगितलेलं होतं. मी तिथे होते तेवढ्या वर्षांत त्यातला एकही डबा पाहिला नाही.

मी सापगावची. आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स करून बाहेर पडले आणि दोन हजार सालानंतर लवकरच या कारखान्यात मेंटेनन्सला लागले. मेंटेनन्स म्हणजे काय, असं वडिलांनी विचारलं. मी म्हटलं, "बंद पडलं की चालू करायचं."

"आणि चालू असताना?"

"बसायचं."

"मग चांगली हाय नोकरी," वडील म्हणाले आणि मला परवानगी मिळाली. रोज किन्हवलीवरून जाणारी एसटी पकडून मी मुरबाडला जायची आणि संध्याकाळी अंगाला तेलाचा वास घेऊन परत यायची.

कारखान्यात पत्रा दाबून झाकणाचा आकार देणारा एक जुना प्रेस होता. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबली तरच तो खाली यावा, अशी त्याची रचना होती, म्हणजे हात मध्ये सापडत नाहीत. पण माणसाला तंबाखू मळायला हात लागतो. त्यामुळे एका बटणात बांबूची कामटी खोचून ठेवायची, दुसरं बटण एका हाताने दाबायचं आणि मोकळ्या हाताने आपलं काम करायचं, अशी पद्धत पडली होती. आमचे सुपरवायझर तरुणपणी असंच करत. त्यांची उजव्या हाताची तर्जनी अर्धीच होती. ते बोट रोखून "ते आण रे" म्हणाले, की ऐकणारा त्या दिशेने बघायचा आणि नेमकं काय आणायचं याचा विचार करत उभा राहायचा. मग स्पॅनरच्या जागी स्टूल यायचं, स्टूलच्या जागी चहावाला. सुपरवायझर म्हणायचे, "बोट गेलं त्याचं काय नाय, पण इज्जत गेली."

शेवटी शेठनी नवा प्रेस घेतला. त्याला चारी बाजूंनी जाळी होती, पुढे जाळीचंच एक दार होतं आणि बाजूच्या पॅनेलमध्ये पिवळ्या रंगाचा एक चपटा डबा होता. तो बसवायला पुण्याहून इंजिनीयर आले. चष्मा, इस्त्रीचा शर्ट आणि हातात डेटॉलची बाटली. त्यांनी आम्हा सगळ्यांना गोल उभं केलं आणि सांगितलं, की हा पिवळा डबा म्हणजे फेल-सेफ मॉड्यूल.

शेठना ते पटेना. "फेल पण आणि सेफ पण? दोन्ही एकदम कसं? आमच्या वेळी फेल झालं की बाप हाणायचा. सेफ कोणी नसायचं."

इंजिनीयर हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. या डब्यात दोन डोकी आहेत. दोन्ही डोकी तीच गोष्ट वेगवेगळी तपासतात. दाराला दोन स्विच आहेत, एक वर, एक खाली. दोघांनीही एकाच वेळी 'दार लागलं' असं सांगितलं तरच प्रेस चालणार. एकाने 'लागलं' म्हटलं आणि दुसऱ्याने नाही म्हटलं, तर कोण खरं बोलतंय याची चौकशी मॉड्यूल करत बसत नाही. सरळ प्रेस बंद करतं, लाल दिवा लावतं आणि तसंच बसून राहतं. वायर तुटली तरी बंद, स्विच खराब झाला तरी बंद, स्वतःच्या आत काही बिघडलं तरी बंद. आणि आपणहून परत कधीच चालू होत नाही. माणसाने येऊन काय बिघडलं ते बघायचं, दार उघडून पुन्हा लावायचं, मग किल्ली फिरवायची, तेव्हा चालू.

"म्हणजे शंका आली की काम बंद," शेठ म्हणाले.

"करेक्ट."

"आणि कोणी येऊन विचारेपर्यंत तोंड फुगवून बसणार."

"तसं म्हणता येईल."

"अरे, मग जावईच म्हणा की!"

तेव्हापासून त्या पिवळ्या डब्याचं नाव जावई. इंजिनीयरनी "सगळ्यांना समजलं?" असं विचारलं. सगळे "समजलं" म्हणाले. मग त्यांनी मॉड्यूलला पासवर्ड घातला, हात डेटॉलने धुतले आणि ते पुण्याला गेले. किल्ली माझ्याकडे दिली. ती मी लाल दोऱ्यात ओवून गळ्यात घातली.

नव्या प्रेसवर दोन माणसं नेमली. सकाळच्या शिफ्टला काका आणि दुपारच्या शिफ्टला पैलवान.

काका डोंगराकडच्या एका पाड्यावरचे. पावसाळ्यात भात आणि नाचणी करायचे, उरलेलं वर्ष कारखान्यात. तरुणपणापासून ते रानातली मोहोळं काढत आलेले. असला शांत माणूस मी पाहिला नव्हता. चालताना पायाखालचं पान वाजायचं नाही. चहाचा ग्लास ठेवला तर ठेवल्याचं कळायचं नाही. पैलवान मुरबाडच्याच बाजूचा, जत्रेत कुस्त्या खेळणारा. तो कारखान्यात शिरला की पत्रे वाजायचे आणि तो "काय ताई!" म्हणाला की माझ्या हातातला टेस्टर पडायचा.

पहिल्याच दिवशी सकाळी काकांनी मला हाक मारली.

"ताय गो, जावई रुसला."

मी गेले. लाल दिवा लागलेला. मी दार उघडलं, लावलं, किल्ली फिरवली. प्रेस चालू. मी जागेवर येऊन बसते न बसते तोच पुन्हा, "ताय गो."

झाकणांची थप्पी काढायला दार उघडावं लागायचं, आणि काकांनी उघडून लावलं की जावई रुसायचा. मी जाऊन लावलं की खूश. दुपारी पैलवान आला आणि संध्याकाळपर्यंत एकदाही लाल दिवा लागला नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी वायरी तपासल्या, स्क्रू आवळले, स्विच मीटर लावून पाहिले. सगळं ठीक होतं. वडिलांनी पास केलेली बसायची नोकरी पार संपली. मी दिवसभर काकांच्या आणि माझ्या स्टुलाच्या मधे येरझाऱ्या घालत होते.

शेठनी काका आणि पैलवान यांच्या शिफ्टची अदलाबदल केली. सकाळी प्रेस सुरळीत चालला, दुपारी रुसला. म्हणजे दोष वेळेचा नव्हता, काकांचा होता. मग सगळ्यांनी काकांकडे बघायला सुरुवात केली.

सुपरवायझर म्हणाले, "कंबरेचा करदोटा चांदीचा हाय का? त्यानं करंट खेचत असंल." काकांनी करदोटा काढून ठेवला. मग गळ्यातला ताईत काढला. मग कानातली बाळी. मग लोखंडी नाल मारलेल्या चपला. शेवटी काका अनवाणी आणि मोकळे होऊन दार लावायला गेले, तरी लाल दिवा लागलाच. पैलवान म्हणाला, "आता चड्डीच राहिली." काकांनी लाजून खाली बघितलं आणि मी मेंटेनन्सच्या खोलीत निघून गेले.

मग कोणीतरी भगताची गोष्ट काढली. शेठ आधी नाही म्हणाले, पण लाल दिवा लागून लागून त्यांचंही डोकं फिरलं होतं. भगत आला, त्याने प्रेसभोवती फेऱ्या मारल्या, नारळ ओवाळला, आणि दाराच्या वरच्या बाजूला लिंबू-मिरची बांधली. नेमकी चौकटीत. दार लावलं की लिंबू मधे यायचं आणि दार पुरतं बसायचं नाही. आता पैलवानाच्या हातूनही प्रेस चालू होईना.

भगताने मान हलवली. "बाधा वाढली," तो म्हणाला.

मी लिंबू काढून टाकलं. प्रेस पैलवानासाठी चालू झाला, काकांसाठी नाही. भगत मात्र ठरलेली कोंबडी घेऊन गेला.

काकांच्या मनाला हे फार लागलं. डबा खाताना ते माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "ताय, मी जातो घरी. यंत्राला माझा हात नाय आवडत. जनावराला नाय आवडला तर समजतो मी. पण यंत्राला काय केलं मी?"

मी म्हटलं, "आठ दिवस थांबा काका. मी शोधते."

आणि ते शोधायला मला लोडशेडिंगने मदत केली. एका दुपारी सगळ्या वसाहतीची वीज गेली. पंखे थांबले, शेजारच्या कारखान्याचं घरघरणं थांबलं, आमचे सगळे प्रेस थांबले. इतकी शांतता झाली की बाहेर झाडावरचा कावळासुद्धा दचकला असेल. काका दाराजवळ होते. वीज नसली तरी दार उघडं टाकायचं नाही, म्हणून त्यांनी पंच्याने हात पुसले, दोन्ही हातांनी दार धरलं आणि पाळण्यात बाळ ठेवावं तसं हळूहळू लावलं.

टिक. आणि मग, बऱ्याच वेळाने, टिक.

मी उठून उभी राहिले. "काका, परत लावा."

टिक... टिक.

मग मी स्वतः जाऊन लावलं, माझ्या नेहमीच्या घाईने. धाड. एकच टिक.

दार थोडं खाली झुकलं होतं. वरचा स्विच आधी दाबला जायचा आणि खालचा नंतर. जोरात लावलं तर दोन्ही जवळपास एकदम. काकांच्या हातून मात्र दोघांच्या मधे इतका वेळ जायचा, की वरचा स्विच 'लागलं' म्हणतोय, खालचा 'अजून नाही' म्हणतोय, दोघांचं जमत नाही, असं मॉड्यूल धरून चालायचं आणि नियमाप्रमाणे सगळं बंद करून बसायचं. त्याचं चुकत नव्हतं. काकांचंही चुकत नव्हतं. दुसऱ्या स्विचची किती वेळ वाट बघायची ते मॉड्यूलमध्ये बदलता येतं, पण पासवर्ड पुण्याला. फोन केला तर कळलं, की इंजिनीयरसाहेब महिनाभर दक्षिणेत कुठेतरी दुसऱ्या कामावर आहेत.

तोपर्यंत एकच उपाय होता. काकांनी दार आपटायला शिकायचं.

"काका, आपटा."

"कशाला आपटू? त्यानं काय केलंय माझं?"

मी नाना तऱ्हेने सांगून पाहिलं. काका मान डोलवायचे, दार धरायचे, जोर लावायचे आणि शेवटच्या वितीवर आपोआप हात सैल सोडायचे. "मोहोळाला धक्का नाय लावायचा, तशी सवय लागली हाताला," ते म्हणाले. शेवटी मी पैलवानाला शिकवायला बसवलं. त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या.

"काका, राग आणा. राग आला का हात आपोआप चालतो. तुमचा कोणावर राग हाय?"

काकांनी विचार केला. "कोणावर नाय."

"शेजारी? बांध नाय सरकवला कधी त्यानं?"

"सरकवला ना. दोनदा. पण चांगला हाय तो. आमची म्हैस व्यायली तेव्हा रातभर बसला होता."

"सासरा?"

"देव माणूस."

"शेठ?" पैलवान हळूच म्हणाला.

"पगार देतात रे वेळेवर."

सुपरवायझरांनी अर्धं बोट स्वतःच्या छातीकडे वळवलं. "माझ्यावर?" काका म्हणाले, "तुमचं तर बोट गेलंय बिचाऱ्याचं."

तासभर झाला. पैलवान घामाघूम झाला. शेवटी मीच विचारलं, "काका, नाचणी कोण खातं तुमची?"

काकांचा चेहरा बदलला. ते मी पहिल्यांदा पाहिलं. भुवया जवळ आल्या, मिशी थरथरली.

"डुक्कर," ते म्हणाले. "रानडुक्कर. खात नाय नुसता, लोळतो त्यात."

"हा बघा, दारात उभा हाय!" पैलवान ओरडला.

"डुकरा!" काका गरजले आणि दार असं आपटलं की छपरावरची धूळ खाली आली. एकच टिक. मी किल्ली फिरवली. हिरवा दिवा. आम्ही टाळ्या वाजवल्या. काका दाराला हात लावून "लागलं नाय ना रे?" असं विचारत होते.

त्या दिवसापासून प्रेस दोन्ही शिफ्टना चालू लागला. फक्त एक गोष्ट होती. तो शब्द म्हटल्याशिवाय काकांचा हात चालायचा नाही. दर थोड्या वेळाने कारखान्यात आवाज घुमायचा, "डुकरा!", मग धाड, मग प्रेसचा ठोका. आम्हाला त्याची इतकी सवय झाली की कोणी मान वर करेनासं झालं.

आणि म्हणूनच मुंबईहून एक मोठे व्यापारी काम देण्याआधी प्रेस बघायला येणार होते, तेव्हा कोणाच्याच ते लक्षात आलं नाही.

व्यापारी आले. अंगाने भरभक्कम, पांढरा सफारी, कपाळावर टिळा. शेठ त्यांना हात धरून नव्या प्रेससमोर घेऊन आले. काकांनी थप्पी काढली, पंच्याने हात पुसले, दार धरलं आणि व्यापाऱ्यांच्या पोटापासून हातभर अंतरावर उभं राहून गरजले,

"डुकरा!"

धाड.

व्यापाऱ्यांचा चेहरा लाल झाला. "काय म्हणाला हा?"

मी स्विचच्या वायरीकडे टक लावून बघायला लागले. सुपरवायझर चहा सांगायला निघून गेले. पण शेठ उगाच शेठ झाले नव्हते. त्यांनी श्वास घेतला आणि म्हणाले, "सेफ्टीचा नियम आहे साहेब. दार लावताना मोठ्याने बोलायचं. डू करा! म्हणजे, डू म्हणजे करा. इंग्लिशमध्ये पण करा, मराठीत पण करा. दोन्ही भाषांत."

"डू करा," व्यापारी पुटपुटले. "म्हणजे डबल चेक."

"डबल चेक!"

व्यापाऱ्यांनी मान डोलावली. "आमच्याकडे असली शिस्त नाही." आणि तेवढ्यात लाल दिवा लागला.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी गळ्यातली किल्ली काढून म्हटलं, "परत लावा." काकांनी दार उघडलं. "डुकरा!" धाड. लाल. "डुकरा!" धाड. लाल. प्रत्येक वेळी व्यापारी कौतुकाने मान हलवत होते, पण प्रेस काही हलेना. चौथ्या वेळी दाराची मूठ काकांच्या हातात आली.

शेठ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ताई, तार मारून टाका. स्विच बाजूला काढा. पाच मिनिटांपुरतं."

"नाही चालणार शेठ. एक स्विच कायमचा 'लागलं' म्हणत राहिला की दार उघडताच त्याला खोटं कळतं. लगेच बंद होतं."

सुपरवायझरांना ते पटलं नाही. चहा घेऊन परत आले होते, त्यांनी जाळीतून अर्धं बोट घालून खालचा स्विच स्वतःच दाबून धरला. दोन्हींचं जमलं नाही. लाल. बोट अर्धं असल्यामुळे नीट दाबलं गेलं नाही, असं ते नंतर बराच काळ सांगत होते.

मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि वरच्या स्विचचं झाकण उघडलं. आत मुंग्या. नुसत्या मुंग्या. स्विचची पट्टी त्यांच्यात रुतून बसली होती, दार लावलं तरी पुरती दाबली जातच नव्हती. आणि एक गोड, ओळखीचा वास येत होता.

मी मागे वळून पाहिलं. काका हातातली मूठ फिरवत खाली बघत होते.

"काका, हे काय आहे?"

"नैवेद्य," काका म्हणाले. "मध. रोज आपटतो, शिव्या देतो त्याला. वाईट वाटतं गो. म्हणून सकाळी बोटभर लावायचो वर. कोणाला दिसू नये म्हणून फटीत."

मग व्यापारी पुढे आले, चष्मा लावून त्यांनी मुंग्या बघितल्या. "म्हणजे इतका मोठा प्रेस मुंग्यांनी बंद पाडला?"

मी म्हटलं, "मुंग्यांनी नाही साहेब, त्याने स्वतः बंद केला. स्विच अडकलाय हे त्याला कळलं. दार लागलंय की नाही याची खात्री नाही, तर तो चालत नाही."

व्यापाऱ्यांनी सुपरवायझरांच्या बोटाकडे बघितलं, मग प्रेसकडे. "माझ्याकडचे प्रेस मुंग्या असोत, माणूस असो, चालतातच," ते म्हणाले. मग काकांकडे वळून विचारलं, "मध असली आहे?"

काम मिळालं. व्यापारी मधाची बाटली घेऊन गेले आणि जाताना गाडीत बसण्याआधी ड्रायव्हरला म्हणाले, "दार लाव. डू करा!" ड्रायव्हर बिचारा घाबरला.

महिन्याने इंजिनीयर आले. मी त्यांना सगळं सांगितलं, मुंग्यांपर्यंत. त्यांनी पासवर्ड घालून वाट बघायची वेळ थोडी वाढवली, आणि माझ्याकडून दाराची बिजागरी बदलून घेतली. दोन्ही स्विच आता एकत्र बोलू लागले. काकांना परत हळू दार लावायची मुभा मिळाली. पहिल्यांदा त्यांनी तसं लावलं आणि हिरवा दिवा लागला, तेव्हा ते इंजिनीयरच्या पाया पडायला निघाले. इंजिनीयर डेटॉल शोधत मागे सरकले.

त्या आनंदात काकांनी आम्हाला सगळ्यांना आपल्या पाड्यावर जेवायला बोलावलं. नाचणीची भाकरी, सुकटीचं कालवण आणि ताजा मध. आम्ही सकाळच्या एसटीने गेलो, पुढे डोंगराची वाट चढलो. काकूंनी आमचं स्वागत केलं आणि पहिलंच वाक्य मला म्हणाल्या, "ताय, तुमीच शिकवला का यांना? घरातलं दार मोडलं दोनदा." मी पैलवानाकडे बोट दाखवलं.

जेवणाआधी काका मोहोळ काढून दाखवणार होते. त्यांनी सांगितलं, की सगळ्यांनी लांब उभं राहायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही. ते झाडावर चढले, धूर केला, आणि मधमाश्या त्यांच्या हातांवरून फिरू लागल्या, तरी एकही चावली नाही. मी तोंड उघडं टाकून बघत होते. तेवढ्यात पैलवानाला राहवलं नाही.

"वा काका!" तो ओरडला.

बाकी आम्ही सगळे वाचलो. संध्याकाळी परतीच्या एसटीत पैलवान माझ्या पुढच्या सीटवर बसला होता. एक डोळा पूर्ण बंद, ओठ वडापावएवढा, कान लाल भडक. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला.

"काय झालं पैलवान?"

"कुस्ती," पैलवान फुगलेल्या तोंडाने म्हणाला.

"जिंकलात ना?"

पैलवानाने खिडकीबाहेर बघितलं. "नाय," तो म्हणाला. "ते लय होते."